स्कॉटिश बेटांच्या धाटणीचा बँड ठाण्यात उभा करायचा तर

आधी बेट ठरवा, वाद्यं नंतर. स्कॉटलंडच्या बेटांचं संगीत म्हणून जे सरसकट ऐकायला मिळतं, त्यात किमान दोन घराणी आहेत. पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांवर, म्हणजे स्काय, टायरी, लुईस, बारा या भागात, गेलिक भाषा, बॅगपाइप, अकॉर्डियन आणि घोळक्याने म्हणायची गाणी. उत्तरेची ऑर्कनी आणि शेटलंड १४६८-६९ मध्ये स्कॉटलंडच्या ताब्यात आली. त्याआधी ती नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाची होती. तिथे गेलिक रुजली नाही आणि वाजवणाऱ्याच्या हातात पाइपपेक्षा फिडल, म्हणजे व्हायोलिन, जास्त दिसतं. दोन्हींची भेळ करणारे बँड आहेत, पण नव्या मंडळींनी एक बाजू धरलेली बरी. सूर, माणसं आणि खर्च हे तिन्ही त्यावर ठरतात.

नमुन्यासाठी दोन बँड समोर ठेवा. स्केरीव्होर हा २००५ मध्ये टायरी बेटावर सुरू झालेला बँड. डॅनियल गिलेस्पी अकॉर्डियनवर, त्याचा भाऊ मार्टिन पाइप, व्हिसल (सहा भोकांची उभी बासरी) आणि अकॉर्डियनवर, फ्रेझर वेस्ट ड्रमवर, अलेक डॅलग्लिश गिटार आणि गायनाला. पुढे फिडल, बेस आणि कीबोर्डची भर पडली. दुसरा शेटलंडचा फिडलर्स बिड: चार फिडल, एक हार्प, गिटार आणि बेस. पाइप नाही, ड्रम नाही, तरी सभागृह हलवतात. दोन्हींत चाल वाजवणारे निदान तिघं-चौघं आहेत, आणि ते बहुतेक वेळ एकच चाल एकत्र वाजवतात. आपल्याकडे बँड म्हटलं की एक गायक आणि बाकी साथीदार अशी मांडणी डोळ्यांपुढे येते. इथे चालीचा समूह पुढे आणि बाकीचे त्याच्या पायाखाली.

वेगाबद्दलचा गैरसमज आत्ताच काढून टाका. हे संगीत ऐकताना जी उसळी जाणवते ती वेगाची वाटते. नाचाच्या चालींचे दोन मुख्य प्रकार, रील आणि जिग, मिनिटाला साधारण ११२ ते ११६ ठोक्यांवर असतात, बारमध्ये (तालाच्या एका आवर्तनात) दोन ठोके. म्हणजे एक बार सेकंदाहून जरासाच मोठा. मैफलीत बँड याहून पुढे जातात, पण ते अनेक वर्षांच्या सरावानंतर. उसळी येते ती ठोक्याच्या मागच्या अर्ध्याला दिलेल्या वजनातून, मूळ स्वर बदलण्यातून आणि कोण कधी गप्प बसतो यातून. नवा बँड मेट्रोनोमवर १०० ला नीट उडू शकत नसेल, तर १२० ला तो फक्त धावेल.

माणसं कुठून आणायची

पाच जण पुरेत: फिडल, अकॉर्डियन, व्हिसल किंवा पाइप, गिटार, ताल. बेस सहावा, तो येईपर्यंत अकॉर्डियनचा डावा हात आणि गिटारच्या खालच्या तारा भागवतात.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. फरक मिळवणीचा आणि गजाचा. हिंदुस्थानी पद्धतीने वाजवणारा सा-प-सा-प मिळवतो आणि मांडी घालून वाद्य पायाशी टेकवतो. इथे तारा जी-डी-ए-ई हव्यात, ए बरोबर ४४० ला, आणि वाद्य हनुवटीखाली. चर्चमध्ये वाजवणारा व्हायोलिनवादक मिळाला तर अर्धं काम झालंच. ठाण्यात आणि वसईच्या पट्ट्यात असे वादक सापडतात. हिंदुस्थानी वादकाला सांगावं लागतं ते इतकंच: मींड सोडा. रीलमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेलं की ठोक्याची कड बोथट होते. शेटलंडच्या शैलीत अलंकार थोडे आणि शेजारची मोकळी तार सतत गुणगुणती ठेवायची, म्हणजे चाल ए तारेवर असताना गज ई किंवा डी तारेलाही चाटत जातो. काही चालींसाठी तारा ए-ई-ए-ई अशाही मिळवतात. सा-प-सा-प वाल्या माणसाला ती मिळवणी घरचीच वाटेल. मात्र ती करताना जी आणि डी तार एकेक स्वराने वर जाते. तार जुनी असेल तर तुटते, म्हणून प्रयोग जादा तार पेटीत असतानाच करा.

अकॉर्डियनसाठी भजनी मंडळातला हार्मोनियमवाला बघा. एनॉक डॅनियल्स यांच्यामुळे हे वाद्य आपल्या कानाला नवं नाही, पण वाजवणारे आता कमी. पियानो अकॉर्डियनचा उजवा हात हार्मोनियमसारखाच. अडचण भात्याची आणि डाव्या हाताची. हार्मोनियमचा भाता हवा साठवतो, त्यामुळे हात कधीही मागेपुढे झाला तरी आवाज तुटत नाही. अकॉर्डियनचा भाता दिशा बदलतो त्या क्षणी आवाजाला खाच पडते. ती खाच दोन किंवा चार बारच्या शेवटी पडेल अशी आधीच ठरवून कागदावर खूण करा, नाहीतर चाल भलत्याच ठिकाणी लंगडते. डाव्या हाताची बटणं पंचमाच्या क्रमाने लावलेली असतात: खड्डा असलेलं बटण सी, त्याच्या वर हनुवटीकडे जाताना जी, डी, ए. आपल्याला लागणारे तिन्ही स्वर असे ओळीने शेजारी आहेत, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. तरी पहिले दोन-तीन महिने डावा हात बंदच ठेवा. ७२ बेसचं, म्हणजे डाव्या हाताला ७२ बटणं असलेलं, वाद्य घ्या. १२० बेसचं दहा-अकरा किलोचं धूड संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ठाण्याहून वाशीला नेऊन दाखवा, मग मोठ्या वाद्याची हौस आपोआप फिटते.

बासरीवाल्याचं गणित सगळ्यांत सोपं आहे आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. डी व्हिसलची सहा भोकं बंद केली की डी वाजतो, तीन बंद ठेवली की जी. बासरीत तीन बंद म्हणजे सा. म्हणजे जी पट्टीची, पांढरी पाचची, मध्यम बासरी आणि लो डी (खालच्या सप्तकातली) व्हिसल यांची बोटं आणि स्वर एकच. वाद्य न बदलताही काम चालेल. फक्त पाइपच्या चाली ए वर उभ्या असतात, म्हणजे चालीचा सा बासरीच्या रे वर येतो आणि सगळी भोकं उघडल्यावर येणारा तीव्र मध्यम हा चालीचा शुद्ध गंधार होतो. हे कागदावर एकदा लिहून घेतलं की गोंधळ थांबतो. फुंकेत लांब सूर धरून ठेवण्याची सवय मात्र मोडावी लागते. इथे बोटाच्या झटक्याने सूर तोडतात.

गिटारवाल्याला आधी गप्प बसायला शिकवा. सुगम संगीतात चालतं तसं सोळा-सोळा झटक्यांचं स्ट्रमिंग फिडलची सगळी नक्षी झाकून टाकतं. शेटलंडचे पीरी विली जॉन्सन यांनी रेडिओवर अमेरिकन जॅझ ऐकून गिटारची जी साथ घडवली, ती धरा: ठोक्यावर खालची एक तार, मागच्या अर्ध्यावर आखूड कॉर्ड, लगेच दाबून बंद. तीच ती उसळी.

तालाला टिळकनगरच्या जॅझ ड्रमरपेक्षा बेंजो पार्टीत वाजवणारा आगरी-कोळी पोरगा जास्त उपयोगी पडतो. का, ते पुढे.

पट्टी: इथेच बँड फुटतात

पाइपवर नऊ स्वर असतात: खालचा जी ते वरचा ए, बस्स. ए ला सा धरलं तर सा रे ग म प ध आणि कोमल नी. वर तार सा, खाली मंद्र कोमल नी. म्हणजे खमाज थाट, आणि मागे न थांबणारा सा. हिंदुस्थानी कानाला हे शिकवावं लागत नाही. मात्र कोमल नी वरून सा कडे जाण्याचा खमाजी रस्ता विसरा. इथे नी हा स्वतःच दुसरा मुक्काम असतो: कितीतरी चाली दोन बार सा वर, दोन बार कोमल नी वर अशा झुलतात. गिटारने तिथे ए आणि जी अशा दोनच कॉर्ड लावाव्यात. तिसरी शोधायला गेलं की चाल गोड होते आणि मेली म्हणून समजा.

कागदावर लिहिलेली पाइपची चाल वाचताना फसू नका. पाइपच्या नोटेशनमध्ये शार्पच्या खुणा बहुधा लिहीतच नाहीत. सी आणि एफ दिसले की ते शार्पच वाजवायचे. पियानो शिकलेला माणूस जसंच्या तसं वाचतो आणि सगळी चाल आसावरीसारखी उदास करून ठेवतो.

आता खरी अडचण. हायलँड पाइपवर, म्हणजे नेहमीच्या मोठ्या बॅगपाइपवर, ज्याला ए म्हणतात तो प्रत्यक्षात काळी पाचच्याही थोडा वर, साधारण ४७० ते ४८० हर्ट्झला, वाजतो. बाकी बँड पांढरी सहाला, ४४० वर. यावर तीन उपाय आहेत. पाइपवाल्याने ४६६ ला मिळवलेला चँटर (बोटांनी वाजवायची नळी) घ्यायचा, गिटारने पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि फिडलने अर्धा स्वर चढवायचा. अकॉर्डियनवाल्याला मात्र सगळी बोटं बदलावी लागतात. दुसरा उपाय ए मधला बॉर्डर पाइप, तो थेट ४४० ला जुळतो. तिसरा, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये एकमेव शहाणपणाचा: ए मधला स्मॉलपाइप. त्याला तोंडाने फुंकायचं नसतं, काखेतला छोटा भाता हवा देतो, आणि आवाज फिडलच्या शेजारी बसण्याइतकाच. हायलँड पाइप बंद खोलीत वाजवला तर कान दुखतात आणि सोसायटीची सभा बोलावली जाते. सरावासाठी येऊरला जाऊ असं कोणीतरी हमखास सुचवतं. येऊर राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे पाइप नेऊ नका. तासावर मिळणारी जॅमरूम घ्या.

पाइपवाला मिळालाच नाही तर? नव्याने शिकणाऱ्याला आधी प्रॅक्टिस चँटरवर (पिशवी नसलेल्या सरावाच्या नळीवर) साधारण वर्ष घालवावं लागतं, तेव्हा घाई व्यर्थ. तोवर सुरपेटीवर ए लावून ठेवा, फक्त सा, पंचम बंद, कारण हायलँड पाइपचे तिन्ही ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) सा वरच असतात. तानपुरा नको, त्याच्या जवारीची लाट रीलच्या ठोक्याशी भांडते. कीबोर्डवरचा बॅगपाइपचा आवाजही नको. पाइपचा आवाज मध्ये थांबवता येत नाही, म्हणून एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये बोटाचा निमिषभराचा वेगळा स्वर घालावा लागतो. पाइपचं सगळं बोलणं त्या तुटक स्वरांत आहे. कीबोर्डवाला कळ दोनदा दाबतो आणि ऐकणाऱ्याला लग्नाच्या वरातीची आठवण होते.

सेट बांधणे

बहुतेक चाली ३२ बारच्या: आठ बारचा पहिला भाग दोनदा, आठ बारचा दुसरा भाग दोनदा. तीन चाली, प्रत्येक तीनदा, म्हणजे २८८ बार; ११४ च्या वेगाला पाच मिनिटं. नव्या बँडने असे चार सेट पक्के करावेत: दोन रीलचे, एक जिगचा, एक मार्चने सुरू होऊन रीलमध्ये जाणारा. वीस मिनिटांचा कार्यक्रम झाला. पंधरा सेट कच्चे असण्यापेक्षा हे बरं.

सेटमधल्या चालींचा क्रम मूळ स्वरावर ठरवा. पहिली जी मध्ये, दुसरी डी मध्ये, तिसरी ए मध्ये. दर वेळी पंचमाने वर जाताना खोलीतली हवा बदलते, आणि वेग जराही वाढवावा लागत नाही. यात वाद्यांचाही हिशेब बसतो. जी मधली चाल फिडल आणि बासरीने घ्यावी, अकॉर्डियन फक्त आखूड कॉर्ड देईल. डी ला अकॉर्डियन चालीत येतं. ए ला पाइप. हायलँड पाइप असेल तर त्याला पिशवी भरून ड्रोन स्थिर करायला काही सेकंद लागतात आणि त्या वेळी तो कण्हतो; म्हणून दुसऱ्या चालीच्या शेवटी ड्रमचे आठ बार मोकळे सोडा आणि ते कण्हणं त्याखाली लपवा. स्मॉलपाइपला चार बार पुरतात.

चाल बदलण्याच्या जागी नवा बँड नेहमी अडखळतो, कारण प्रत्येक जण शेवटच्या बारमध्ये पुढची चाल आठवायला लागतो. घरी पूर्ण चाली घोकू नका. आधीच्या चालीचे शेवटचे चार बार आणि नव्या चालीचे पहिले चार, एवढाच तुकडा वीसदा वाजवा. खूण एकाच माणसाने द्यायची, शक्यतो फिडलने, आणि ती शेवटच्या फेरीच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला. शेवटच्या बारला दिलेली खूण ड्रमपर्यंत पोचत नाही.

चाली कागदावरून न शिकवता आधी सरगम म्हणून पाठ करून घ्या. बेटांवरही वाद्य नसेल तेव्हा नाचाच्या चाली तोंडाने म्हणायची जुनी रीत आहे. हेब्रिडीजच्या बाजूने जाणार असाल तर एक तरी गाणं ठेवा. तिथे बायका ओलं लोकरी कापड टेबलावर आपटून घट्ट करताना जी गाणी म्हणत, त्यांत एकीने ओळ घ्यायची आणि बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं. शेतातल्या भलरीची माहिती असलेल्या श्रोत्यांना ध्रुपद दुसऱ्या फेरीपासूनच साथ करता येतं. शब्दांचा उच्चार मात्र गेलिक बोलणाऱ्यांच्या ध्वनिमुद्रणावरून घ्या, स्पेलिंग पाहून अंदाज करू नका.

ठेका

जिगला सहा मात्रा, म्हणून तबलावाला दादरा लावतो. इथे सगळं बिघडतं. दादऱ्यात चौथी मात्रा खालीची, हलकी. जिगमध्ये चौथी मात्रा हा दुसरा पूर्ण ठोका आहे. नाचणाऱ्याचा दुसरा पाय तिथे पडतो. ती रिकामी सोडली की पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं होतं. कोळीगीतांचा सहाचा ठेका मात्र दोन्ही ठोक्यांवर पाय रोवून चालतो, म्हणून बेंजो पार्टीतला ड्रमर जिगला लगेच रुळतो. त्याला आवरावं लागतं ते वेगळ्याच गोष्टीत: दर दोन बारला तो एक तोड घालतो. नियम करा, तोड फक्त आठव्या बारला, आणि तीही चाल बदलताना किंवा भाग बदलताना.

रीलला किक (पायाचा मोठा ड्रम) ठोक्यावर, स्नेअर (हाताखालचा खणखणीत ड्रम) मागच्या अर्ध्यावर, हलक्या हाताने. डिमडी चालते. बोरान हे मूळ आयरिश फ्रेम ड्रम. स्कॉटिश बँडमध्ये आता सर्रास दिसतं, पण एकच पुरे.

स्ट्रॅथस्पे हा खास स्कॉटिश प्रकार आणि सगळ्यांत कठीण. चार ठोके, प्रत्येकी मिनिटाला साधारण ११७, म्हणजे बार रीलच्या दुप्पट लांब. त्यात ठोक्याचे चार भाग केले तर पहिला स्वर एक भाग आणि दुसरा तीन भाग असा उलटा झटका येतो. नवे वादक तो झटका हळूहळू सपाट करत नेतात आणि शेवटी तिप्पट लयीत घसरतात. दोन स्वर टाळीवर म्हणून बघा. पहिला स्वर टाळीच्या नेमका वर पडला पाहिजे, आधी नाही. पहिल्या वर्षी स्ट्रॅथस्पे कार्यक्रमात न घेतलेली उत्तम.

नाचासाठी वाजवताना

केली, म्हणजे स्कॉटिश नाचाची बैठक, करायची तर पायऱ्या सांगणारा एक माणूस बँडबाहेरचा हवा. वाजवता वाजवता सूचना देणं जमत नाही. ठाण्यात सुरुवात गे गॉर्डन्सने करा: सोळा बारचा नाच, जोड्या गोलात पुढे सरकतात, गरब्याची सवय असलेल्यांना पाचव्या मिनिटाला येतो. जोडी नवरा-बायकोचीच हवी असं कुठे लिहिलेलं नाही. मैत्रिणी-मैत्रिणी, आजी-नातू, सगळं चालतं आणि हे आधीच जाहीर केलं की संकोचून भिंतीला टेकलेली मंडळी पुढे येतात. ऑर्कनीचा स्ट्रिप द विलो हा दोन लांब रांगांचा नाच नंतर घ्या. तो किती वेळ चालेल हे रांगेवर अवलंबून, त्यामुळे चार-पाच चाली तयार हव्यात आणि थांबण्याची खूण पायऱ्या सांगणाऱ्याकडून घ्यायची.

३२ बारचा नाच आठदा वाजवायचा असेल तर चार चाली १-२-३-४-२-३-४-१ अशा क्रमाने लावतात. पहिली चाल शेवटी परत आली की नाचणाऱ्यांना संपत आल्याचं कळतं. सुरुवातीला एक लांब कॉर्ड, त्यावर जोडीदार वाकून अभिवादन करतात, शेवटीही तशीच.

सोसायटीच्या हॉलमधली गुळगुळीत फरशी मोज्यांवर घातक. अनवाणी किंवा रबरी तळव्याच्या बुटात नाचवा. चार जोड्यांच्या चौकोनाला साधारण चार बाय चार मीटर जागा धरा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर फिडलच्या खुंट्या फुगून अडकतात आणि एसी हॉलमध्ये आल्यावर अचानक सुटतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, हॉलमध्ये अर्धा तास आधी पेटी उघडून ठेवा, मगच मिळवा. अकॉर्डियनच्या स्टीलच्या पट्ट्यांना गंज आणि भात्याला बुरशी लागते. जमिनीवर ठेवू नका, रोज दहा मिनिटं वाजवा, तेवढ्यानेही आत हवा खेळते. बोरानचं कातडं सैल पडतं. तबल्यासारखं ठोकून चढवता येत नाही, म्हणून कड्यावर स्क्रू असलेलंच घ्या, किंवा सरळ कृत्रिम कातड्याचं. व्हिसल थुंकीच्या वाफेने घुसमटते: वाजवण्याआधी काखेत धरून कोमट करा, आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून वाऱ्याच्या चिरेतून सोडला की थेंब साचत नाहीत. पाइपला वेताच्या ड्रोन रीडऐवजी कृत्रिम रीड लावा.

मंचावर

साउंडवाल्याला डीजेची सवय असते. त्याला पहिलंच सांगा की बेस कमी. अकॉर्डियनला दोन माइक, उजव्या आणि डाव्या बाजूला, आणि डावा निम्म्यावर. फिडलला चिमट्याचा माइक. बासरीचा माइक फुंकेच्या सरळ समोर न ठेवता वीतभर वर. हायलँड पाइपला बहुधा माइक लागतच नाही. लागलाच तर चँटरपासून अर्धा मीटर दूर, ड्रोनला अजिबात नाही. मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) प्रत्येकाला गिटार आणि फिडल हवं, ड्रम नको.

उघड्यावर, तलावपाळीला किंवा सोसायटीच्या आवारात, लाउडस्पीकरची परवानगी आधी घ्या. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद. ही वेळ पाळायची तर शेवटचा क्रम उलटा मोजा. एटसम रील हा चार जोड्यांच्या चौकोनाचा नाच ४६४ बारचा, म्हणजे चौकोन लावण्याचा वेळ सोडूनही आठ मिनिटांच्या वर जातो. साडेनऊनंतर तो मागितला तरी लावू नका. पावणेदहाला स्ट्रिप द विलो, दहाला पाच कमी असताना एक वॉल्ट्झ, आणि दहाच्या आत मुख्य स्विच बंद.